बेगड, मुलामा आणि गंज : मराठी ऐतिहासिक नाटकातील धातुसदृश वस्तूंचा समीक्षात्मक विचार

सारांश :
मराठी ऐतिहासिक नाटकाची समीक्षा प्रामुख्याने संहिता, संवाद आणि अभिनय या अंगांनी झाली आहे. पात्राच्या हातातील तलवार, अंगावरील चिलखत, डोक्यावरील शिरस्त्राण अशा वस्तूंच्या पृष्ठभागाला अर्थ असतो, याची दखल मात्र क्वचितच घेतली गेली. पुठ्ठा, लाकूड, फोम किंवा फायबर यांपासून बनवलेल्या वस्तूला जुन्या, वापरलेल्या धातूचे रूप देणारे रंगकाम हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. चकाकी हे दैवी काळाचे आणि झीज हे मानवी काळाचे चिन्ह आहे व ऐतिहासिक नाटकाने या दोहोंत विवेकाने निवड केली पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : आहार्य अभिनय, पुस्त, बेगड, धातूचा आभास, ऐतिहासिक नाटक, झीज.

प्रस्तावना :
नाट्यव्यवहारात ज्यांना 'प्रॉपर्टी' असे सरसकट म्हटले जाते, त्या वस्तूंकडे पाहण्याची आपली दृष्टी बहुधा सोयीची असते. वस्तू वेळेवर मिळाली, प्रयोगात मोडली नाही, म्हणजे तिचे काम झाले असे मानले जाते. महाविद्यालयीन स्नेहसंमेलने, युवक महोत्सवातील एकांकिका आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीतील सजीव देखावे यांत हे विशेष जाणवते. अंबडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी ऐतिहासिक प्रवेश बसवायचा झाला, तर पोशाख व शस्त्रे भाड्याने आणली जातात किंवा विद्यार्थी ती पुठ्ठ्याची बनवून त्यांवर चंदेरी कागद चिकटवतात. राजा, सरदार, मावळा आणि शत्रू या सर्वांच्या हाती सारखीच चकचकीत तलवार येते. ज्या जिल्ह्याचे मुख्यालय असलेले जालना शहर लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते, तेथील रंगमंचावर लोखंड मात्र लोखंडासारखे दिसत नाही. हा विरोधाभास साधनांच्या अभावातून आलेला नाही, तो दृष्टीच्या अभावातून आला आहे.

मराठी भाषेने या प्रश्नाची नोंद फार पूर्वीच घेतली आहे. पातळ, चकचकीत धातुपत्र्याला 'बेगड' म्हणतात आणि त्यावरूनच 'बेगडी' हे खोटेपणाचे विशेषण तयार झाले. वरचा मुलामा झिजला की 'पितळ उघडे पडते'. भांड्यावरची कल्हई उडाली की आतला धातू दिसतो. म्हणजे पृष्ठभागाचा खरेखोटेपणा हा भाषेच्या दृष्टीने नैतिक प्रश्न आहे. रंगभूमी तर मुळातच आभासाची कला. तेथे बेगड वापरणे हा दोष कसा मानावा, आणि कोणत्या ठिकाणी मानावा, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

शास्त्रविचार : पुस्त आणि हलकेपणा :
भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. यांतील पुस्त म्हणजे रंगमंचासाठी कृत्रिमरीत्या तयार केलेल्या वस्तू. त्यांत पर्वत, रथ, विमान यांच्याबरोबर ढाल, चिलखत व ध्वज यांचाही समावेश होतो. सांधून, यंत्राच्या साहाय्याने आणि वेष्टन करून अशा रचनेच्या पद्धतींनुसार पुस्ताचे पुढे प्रकार केले आहेत. विशेष म्हणजे या वस्तू लोखंडासारख्या जड द्रव्यांच्या करू नयेत, कारण त्यांच्या भाराने नटाला थकवा येतो, असा स्पष्ट निर्देश तेथे आहे. त्याऐवजी लाख, मेण, कापड, कातडे, अभ्रकाचे पापुद्रे यांसारखी हलकी द्रव्ये सुचवली आहेत. शस्त्राने रंगमंचावर प्रत्यक्ष छेद करू नये, प्रहाराचा केवळ संकेत द्यावा, असाही दंडक आहे.

या निर्देशांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. रंगमंचावरील शस्त्र खऱ्या धातूचे नसावे, हे भारतीय नाट्यविचाराने आरंभीच मान्य केले आहे. त्यामुळे पुठ्ठ्याची तलवार ही कमअस्सल तलवार ठरत नाही. तथापि वजन काढून घेतल्यावर वजनाचा प्रत्यय देण्याची जबाबदारी रंगावर आणि नटाच्या देहावर येते. हलकी वस्तू जड भासली पाहिजे. हा भास साधत नसेल, तर नटाचा हात कितीही आवेशाने उचलला गेला, तरी प्रेक्षकाला पुठ्ठाच दिसतो.

बेगडाची परंपरा आणि प्रकाश :
लोकनाट्याच्या परंपरेत बेगडाला निश्चित प्रयोजन होते. कोकणातील दशावतार रात्रभर चालतो. पालघर जिल्ह्यातील मोखाडा, जव्हार परिसरातील बोहाड्यात देवदेवता व असुर यांचे मुखवटे घेऊन सोंगे निघतात. मराठवाडा व खानदेशातही सोंगांची परंपरा आहे. विजेच्या दिव्यांपूर्वी हे सर्व प्रयोग टेंभे, मशाली, समया आणि पुढे गॅसबत्तीच्या उजेडात होत. अशा मंद, हलत्या प्रकाशात रंगाच्या सूक्ष्म छटा दूरवरच्या प्रेक्षकाला दिसणे शक्य नसते. चकचकीत पृष्ठभाग मात्र थोडासा उजेडही परत फेकतो. मुकुटावरचा बेगड ज्योतीबरोबर लुकलुकतो, त्यामुळे सोंगाला तेज असल्याचा भास होतो. म्हणजे बेगड हे अल्प प्रकाशातील दृश्यतेचे तंत्र होते.

त्याला दुसरेही प्रयोजन होते. सोंग देवाचे असते आणि देवाचे शस्त्र जुने होत नाही. विष्णूच्या चक्राला गंज नाही, देवीच्या त्रिशूळाला झीज नाही. अंबडच्या मत्स्योदरी देवीसारख्या स्थानी नवरात्रात येणारा भाविक देवीची आयुधे किती शतकांची आहेत, हे पाहत नाही. त्याच्या दृष्टीने ती काळाबाहेरची असतात. म्हणून पौराणिक सोंगात चकाकी हाच सत्याभास ठरतो आणि तिला 'बेगडी' म्हणणे अन्यायाचे होईल.

संगीत नाटकाच्या काळात ही तेजाची आकांक्षा वैभवाकडे वळली. 1913 मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने पोशाख व नेपथ्य यांच्या श्रीमंतीचा नवा मानदंड घालून दिला. 'संगीत द्रौपदी' (1920) या नाटकाच्या भव्य नेपथ्यावर झालेला खर्च हा मराठी नाट्येतिहासाचा परिचित विषय आहे. पौराणिक कथानकाला ते वैभव शोभत होते. अडचण निर्माण झाली ती पुढे. ऐतिहासिक नाटकाने विषय बदलला, पण वस्तूंचे रंगरूप पौराणिक नाटकाकडूनच घेतले. प्रकाश विजेचा झाला, तरी पृष्ठभाग मशालीच्या काळातला राहिला. प्रखर झोतात चंदेरी कागद लुकलुकत नाही, तो डोळे दिपवतो आणि आपण कागद असल्याची कबुली देतो.

रंगकामाची प्रक्रिया :
जुन्या धातूचा आभास निर्माण करण्याची रीत आज पोशाख व शस्त्रे बनवणाऱ्या कारागिरांमध्ये बरीच स्थिरावली आहे. तिचे टप्पे समीक्षकालाही माहीत असणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक टप्प्यात अर्थनिर्णय दडलेला असतो.

प्रथम आधारद्रव्याची तयारी करावी लागते. थर्मोकोलवर विद्रावकयुक्त फवाऱ्याचा रंग मारल्यास ते विरघळते, म्हणून त्यावर कागद व फेव्हिकॉलचा थर द्यावा लागतो. 2018 मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक व थर्मोकोलच्या वस्तूंवर निर्बंध आणले. त्यानंतर कागदाचा लगदा, पुठ्ठा आणि लवचीक फोम शीट यांचा विचार अधिक उपयुक्त ठरतो. फोम वाकतो, त्यामुळे त्याची छिद्रे लवचीक थराने बुजवली नाहीत तर रंगाला तडे जातात. पुठ्ठ्याच्या कडा उघड्या राहिल्या तर त्यातील पन्हळी दिसतात, म्हणून कडांवर कागदी पट्टी चिकटवून घासून घेणे गरजेचे असते.

दुसरा टप्पा गडद अस्तराचा. येथेच बहुतेक हौशी रंगकाम चुकते. चंदेरी रंग थेट पांढऱ्या पृष्ठभागावर दिल्यास वस्तू डब्याच्या पत्र्यासारखी दिसते. प्रथम काळा किंवा गडद तपकिरी रंग देऊन, तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने चंदेरी रंग केवळ उंचवट्यांवर ओढला, तर खोलगट भाग काळे राहतात. डोळ्याला तेथे जाडी व वजन जाणवते. नंतर पाण्यासारखा पातळ केलेला तपकिरी रंग सर्वत्र लावून फडक्याने लगेच पुसून घेतात. तो कोनाकोपऱ्यांत साचतो आणि वर्षानुवर्षांच्या मळाचा प्रत्यय देतो. शेवटी ज्या कडांना हात किंवा म्यान घासते, त्यांवर शिसपेन्सिलीची भुकटी चोळून त्या उजळ करतात.

गंजासाठी गेरूसारखे सोपे द्रव्य नाही. गेरूचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो आणि लोखंडावरचा गंज हाही पाणी धरून असलेला लोहाचा ऑक्साइडच. म्हणजे घराची भिंत सारवल्यावर पट्टा ओढण्यासाठी वापरला जाणारा गेरू स्पंजाने टिपला, की गंजाचा रंग गंजाच्याच जातीच्या द्रव्याने साधतो. मात्र तो कोठे टिपावा हे कळले पाहिजे. गंज पाणी साचते तेथे चढतो : सांध्यात, खिळ्याभोवती, मुठीच्या मुळाशी.

धातूनुसार जुनेपणाचे रूपही बदलते. लोखंड तांबूस तपकिरी होते. तांब्यावर आणि काशावर हिरवट जंगाल चढतो. पितळ मंदावून काळसर पडते. चांदी हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडते. सोने गंजत नाही. त्याच्या नक्षीत फक्त मळ बसतो. म्हणून सोन्याच्या मुकुटावर गंजाचे डाग दाखवणे ही केवळ तांत्रिक चूक नसून अर्थाची चूक आहे.

वय, वापर आणि उपेक्षा :
जुनेपणा ही एकच अवस्था नाही. वस्तूच्या पृष्ठभागावर तीन वेगळ्या गोष्टी लिहिल्या जातात : तिचे वय, तिचा वापर आणि तिची झालेली उपेक्षा. आपल्या नाटकांत, विशेषतः अलीकडच्या दूरचित्रवाणी मालिका व चित्रपटांच्या प्रभावाखाली, या तिन्हींची गल्लत होण्याचा धोका आहे.

ही गल्लत बऱ्याच अंशी संग्रहालयामुळे होते. मराठेशाहीतील शस्त्रे आपण पाहतो ती काचेच्या पेटीत, तीन शतकांनंतर. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील शस्त्रे असोत किंवा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून 2024 मध्ये प्रदर्शनासाठी साताऱ्यात आणलेली वाघनखे असोत, त्यांच्यावरील काळपट झाक ही नंतरच्या काळाची देणगी आहे. सतराव्या शतकातील सैनिकाच्या कमरेला असलेली तलवार त्याच्या दृष्टीने प्राचीन नव्हती. ज्या शस्त्रावर जीव अवलंबून असतो, त्याचे पाते तो तेल लावून, धार देऊन स्वच्छ ठेवणार. तेव्हा मावळ्याच्या पात्यावर गंज चढवणे म्हणजे त्याला नकळत निष्काळजी ठरवणे होय. झीज दाखवायचीच तर ती मुठीवर, म्यानाच्या तोंडाशी, पट्ट्याच्या कडीवर दाखवावी. पाते उजळ आणि मूठ झिजलेली, ही वापराची खूण. पाते गंजलेले आणि मूठ कोरी, ही उपेक्षेची खूण. पहिली तलवार लढणाऱ्याची आहे, दुसरी भिंतीवर टांगून ठेवणाऱ्याची.

ढालीच्या बाबतीत चूक अधिक मूलभूत असते. त्या काळातील अनेक ढाली जनावराच्या, विशेषतः गेंड्याच्या, कातड्याच्या असत व त्यांवर धातूची चार फुले बसवलेली असत. रंगमंचावर मात्र संपूर्ण ढाल चंदेरी रंगवली जाते. तिला काळसर, तेलकट कातड्याचे रूप देऊन केवळ फुले पितळी ठेवली, तर धातूचा आभास कमी होऊनही अधिक खरा वाटतो. कोठे धातू नाही हे दाखवणे हाही या कलेचाच भाग आहे.

चार नाटके, चार शक्यता :
हा विचार संहितेच्या आकलनाला कसा उपयोगी पडतो, हे काही परिचित उदाहरणांवरून पाहता येईल.

वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' (1962) हे नाटक शिवाजी महाराजांच्या अखेरच्या पर्वातील कौटुंबिक संघर्षावर उभे आहे. राज्याभिषेक 1674 चा आणि महाराजांचे निधन 1680 चे. म्हणजे सिंहासन जेमतेम सहा वर्षांचे आहे आणि सोने असल्यामुळे ते मुळीच मंदावलेले नाही. झिजला आहे तो माणूस. येथे सोन्याची झळाळी राखून बाकीच्या वस्तूंवर वापराच्या खुणा ठेवल्या, तर नाटकाचा आशय दृश्यरूपात प्रकटतो. सर्वच वस्तू सारख्या लखलखीत असतील तर हा विरोध नाहीसा होतो.

कानेटकरांच्याच 'इथे ओशाळला मृत्यू' मध्ये संभाजी महाराजांचे बंदिवान होणे केंद्रस्थानी येते. बेडी हा तेथील महत्त्वाचा धातू. बेडी रंगवून जड दिसू शकते, पण प्लास्टिकच्या कड्यांचा आवाज तिचे सोंग उघडे पाडतो. धातूचा आभास डोळ्यांपुरता मर्यादित नसतो, याची जाणीव ठेवून दिग्दर्शकाने अशा एखाद्या ठिकाणी खरे लोखंड वापरण्याचा, म्हणजे शास्त्राला अपवाद करण्याचा, निर्णय घ्यावा.

गिरीश कार्नाडांचे मूळ कन्नड 'तुघलक' (1964) विजय तेंडुलकरांनी मराठीत आणले. त्याचा उत्तरार्ध दौलताबादेत, म्हणजे मराठवाड्याच्या परिचित भूमीत घडतो. सुलतान तांब्याच्या नाण्याला चांदीच्या नाण्याचे मोल देतो आणि राज्यात खोट्या नाण्यांचा पूर येतो. त्या नाण्यांचे ढीग राजवाड्याच्या गुलाबबागेत रचले जातात. धातूचे खोटेपण हाच येथे आशय आहे. नवे नाणे तांबूस, उजळ आणि ढिगातले नाणे काळवंडलेले, जंगाल चढलेले, असा फरक रंगकामाने केला, तर विश्वास कसा कुजत गेला हे संवादाशिवाय कळते. ज्या नाटकात खोटे नाणे हेच पात्र आहे, तेथे प्रॉपर्टीला गौण कसे म्हणता येईल?

'घाशीराम कोतवाल' (1972) या नाटकाने वेगळी वाट दाखवली. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या प्रयोगात माणसांचीच भिंत, माणसांचाच पडदा झाला. तेथे धातूचा भास घडवण्याची गरजच उरत नाही. वस्तू चांगली रंगवता येत नसेल तर ती वगळून देहाने सुचवणे हा प्रामाणिक पर्याय आहे. अर्धवट रंगवलेल्या वस्तूपेक्षा रिकामी मूठ अधिक विश्वासार्ह ठरते.

याउलट बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'जाणता राजा' सारख्या, प्रत्यक्ष हत्तीघोडे आणणाऱ्या महानाट्याचे तर्कशास्त्र निराळे आहे. विस्तीर्ण मैदानावरील प्रेक्षकाला मुठीवरची झीज दिसणार नाही. तेथे चकाकी ही अंतराची गरज आहे. म्हणजे अंतर, प्रकाश आणि आशय हे तीन निकष एकत्र ठेवूनच पृष्ठभागाचा निर्णय करावा लागतो.

दैवतीकरणाचा प्रश्न :
पाश्चात्त्य रंगभूमीवर बर्टोल्ट ब्रेख्त यांनी वापरलेल्या, झिजलेल्या वस्तूंचा आग्रह धरला. त्यांच्या 'मदर करेज' च्या 1949 मधील बर्लिन येथील प्रयोगात गाडा आणि भांडीकुंडी ही श्रमाचा इतिहास सांगणारी साधने होती. चित्रपटात 1977 च्या 'स्टार वॉर्स' ने कल्पित विश्वातील यानेही मळकी, पोचे आलेली दाखवली आणि कल्पनेला विश्वासार्हता दिली. या दोन्ही उदाहरणांत झीज म्हणजे कोणीतरी ही वस्तू हाताळली आहे, याचा पुरावा.

मराठी ऐतिहासिक नाटकातील अखंड चकाकीचा खरा परिणाम येथे लक्षात येतो. ती नायकाला सोंगातील देवासारखे काळाबाहेर नेऊन ठेवते. प्रतापगडाच्या भेटीचा प्रसंग (1659) घ्यावा. परंपरेने सांगितलेल्या हकिकतीत चिलखत अंगरख्याखाली आणि वाघनखे मुठीत लपलेली आहेत. प्रसंगाचे सारे मर्म धातू न दिसण्यात आहे. तरीही अनेक देखाव्यांत महाराजांच्या अंगावर लखलखीत चिलखत उघडे असते. सावध, विचारी, जिवावर उदार झालेला माणूस त्या झगमगाटात लोपतो आणि उरते ती पूजेची मूर्ती. भक्तिभावाने केलेली ही सजावट नायकाच्या बुद्धीचा आणि सैनिकांच्या श्रमाचा लोप करते. पूजेसाठी देव्हारा आहे. नाटकाने माणूस दाखवायचा असतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की प्रेक्षकाला भव्यता हवी असते आणि मळकट शस्त्रे हा अनादर वाटू शकतो. या आक्षेपात तथ्य आहे. शिवाय झीजही साचेबंद होऊ शकते. सगळ्याच वस्तूंवर एकसारखा तपकिरी लेप फासणे हा नवा बेगडच होय. तथापि आदर हा चकाकीतच असतो असे मानण्याचे कारण नाही. घरातील पूर्वजांची झिजलेली तलवार दसऱ्याला पुजताना तिची झीज कोणी लपवत नाही. ती झीज हेच तिचे मोल असते.

निष्कर्ष :
1. रंगमंचावरील शस्त्र खऱ्या धातूचे नसणे हा दोष नाही. हलक्या द्रव्यांचा पुरस्कार नाट्यशास्त्रानेच केला आहे. दोष आहे तो धातूचा विचार न करता दिलेल्या चकाकीत.
2. बेगड हे अल्प प्रकाशातील लोकनाट्याचे आणि दैवी सोंगाचे समर्थ साधन आहे. ऐतिहासिक नाटकाने ते विजेच्या प्रकाशात तसेच पुढे नेले, तेव्हा ते निरर्थक झाले.
3. जुनेपणाचे रंगकाम करताना वय, वापर आणि उपेक्षा यांत भेद करणे आवश्यक आहे. प्रत्येक धातू आपापल्या रीतीने जुना होतो.
4. पृष्ठभागाचा निर्णय हा अर्थनिर्णय आहे. म्हणून नाटकाच्या अध्यापनात संहितेबरोबर आहार्य अभिनयाचेही विश्लेषण व्हावे.
5. काळा रंग, थोडा चंदेरी रंग, शिसपेन्सिलीची भुकटी, गेरू आणि फडके एवढ्या साहित्यावर हे काम ग्रामीण महाविद्यालयातही होऊ शकते. मुठीवर झीज कोठे आणि का दाखवायची, याचे उत्तर शोधताना विद्यार्थ्याला ती तलवार धरणाऱ्या माणसाचा विचार करावा लागतो, आणि इतिहासाचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.